पहिल्या अंड्यापर्यंत

कोणतीही निवड करताना माणसाने भावनेला उंबऱ्याबाहेर उभं करावं, तरच निवड निर्दोष होते, असं त्रुटीसाहेबांचं ठाम मत होतं. एका कारखान्याच्या खरेदी विभागात सव्वीस वर्षं काढताना त्यांनी या मताच्या जोरावर बोल्ट निवडले, पंखे निवडले, साडेतीनशे खुर्च्या निवडल्या आणि एकदा तर विहिरीची जागा निवडली. विहिरीला पाणी लागलं नाही. तिचे कागद मात्र आजही निर्दोष आहेत.

'त्रुटीसाहेब' हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदात काहीतरी राहून गेलेलं असतंच, ते शोधायचं, समासात लाल शाईने 'त्रुटी' लिहायचं आणि कागद आला तसा परत धाडायचा, ही त्यांची रीत. ऑफिसातल्यांनी नाव ठेवलं ते पाठीमागे, मग ते हळूहळू पुढे आलं आणि शेवटी बायकोसुद्धा ऑफिसात फोन करून "त्रुटीसाहेब आहेत का जागेवर?" असं विचारू लागली. साहेबांना त्याचं वाईट वाटलं नाही. लोकांना बढती मिळते, त्यांना नाव मिळालं होतं.

तर प्रश्न कोंबड्यांचा होता, आणि कोंबड्यांच्या आडून अप्पांचा.

अप्पा म्हणजे त्रुटीसाहेबांचे वडील. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून ते मुलाकडे आले होते, तीन आठवड्यांच्या बोलीवर. त्यांची स्वतःची खोली दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की चढणाऱ्याला शिडी बरी वाटावी. गेल्या वर्षी चौदाव्या पायरीवर पाय घसरून अप्पा तिथेच बसले ते दूधवाला येईपर्यंत दोन तास. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, दूधवाल्याने सांगितलं. तेव्हापासून अप्पांनी कायमचं इथेच राहावं असं त्रुटीसाहेबांच्या मनात होतं. पण या घराण्यात मनातलं बोलायची पद्धत नव्हती. 'जेवलास का' हे दोन पिढ्यांमधलं सर्वांत हळवं वाक्य. 'अप्पा, इथेच राहा' हे वाक्य त्रुटीसाहेबांनी दाढी करताना आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि जेवायला बसल्यावर प्रत्यक्षात त्यांच्या तोंडून "अप्पा, मीठ इकडे सरकवा" असं बाहेर पडलं होतं. अप्पांनी मीठ सरकवलं. ऑपरेशन पार पडलं होतं आणि त्यांची बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. फक्त चेन लावायची बाकी होती.

अशात एका रविवारी मुलीने कोंबड्यांचा विषय काढला. तेरा वर्षांची पोर. त्या वयात विषय कुठून येतात ते कुणी विचारू नये. मागच्या अंगणात पाच कोंबड्या पाळायच्या, घरची अंडी खायची, असा तिचा साधा प्रस्ताव. तिची आई शाळेत गणित शिकवायची आणि मागच्या अंगणात टोमॅटो लावायची. तिने दोन्ही बाजूंनी विचार करून नाही म्हटलं. त्रुटीसाहेबही नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात चार दिवस मुक्यासारखे बसलेले अप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले, "कोंबड्या? आणा की. पहिलं अंडं बघतो आणि मग जातो."

त्रुटीसाहेबांचा घास हातातच राहिला. खरेदीतल्या माणसाला करारातली ढिली अट लांबून दिसते. या वाक्यात तारीख नव्हती. फक्त एक घटना होती, आणि ती घटना कोंबडीच्या मर्जीवर होती.

"कोंबड्या आणायच्या," त्रुटीसाहेब म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नानंतरचा पहिला मिक्सर निवडायला या माणसाने सात महिने घेतले होते.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला गेला. उभ्या रकान्यांत कोंबड्यांच्या जाती: लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रालॉर्प, सिल्की, ब्रह्मा. आडव्या ओळींत गरजा. गरजा लिहायला बसलं की माणसं किती गरजू असतात ते कळतं. बायकोची अट अशी की कोंबडीने माती उकरता कामा नये. म्हणजे माशाने पोहू नये म्हणण्यातला प्रकार, पण ओळ घातली. मुलीला कोंबडी दिसायला सुंदर हवी होती आणि उचलून घेतली तर गप्प राहणारी. तिचं मत सिल्कीला होतं, कारण सिल्की कोंबडीसारखी दिसतच नाही, अंघोळ घातलेल्या टोपीसारखी दिसते. त्रुटीसाहेबांनी स्वतःच्या वतीने 'उडून भिंतीपलीकडे न जाणारी', 'खाणं बेताचं असणारी', 'खुडूक होऊन न बसणारी' अशा ओळी घातल्या. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "कोंबडी कोंबडीसारखी असावी." ही अट कोणत्या ओळीत बसवावी ते न कळल्यामुळे ती शेरा म्हणून खाली लिहिली.

शिवाय एक ओळ अशी होती की ती का घातली हे त्रुटीसाहेबांनी कोणालाही सांगितलं नाही.

झालं असं, की जातींची माहिती वाचता वाचता त्यांना कळलं की सगळ्या कोंबड्या एकाच वयात अंड्यावर येत नाहीत. लेगहॉर्न घाईची, साडेचार-पाच महिन्यांत पहिलं अंडं घालून मोकळी होते. ब्रह्मा मात्र ऐसपैस कोंबडी. अंगाने मोठी, स्वभावाने थंड, पायात पिसांचे मोजे, आणि अंड्यावर यायला सात-आठ महिने लावते. हे वाचून त्रुटीसाहेबांना त्या पक्ष्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. तीन महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पोरवयाच्या कोंबड्या आणल्या, तर आजपासून पाचेक महिने अप्पांची बॅग हलायची नाही. पाच महिन्यांत तीन शब्द बोलायला जमलंच पाहिजे. त्यांनी तक्त्यात पहिल्या क्रमांकाची ओळ घातली: 'अंडी वर्षाला किमान दीडशे, आणताना वय तीन महिने'. बाकीच्या ओळींना त्यांनी असे गुण ठेवले की निवड फिरून फिरून ब्रह्मापाशीच यावी. गणिताच्या बाईंनी बेरीज तपासली, भुवई उंचावली आणि तक्ता परत दिला. नवरा एखाद्या गोष्टीत लबाडी करतोय म्हणजे त्याला ती मनापासून हवी आहे, हे त्यांना गणिताबाहेरच्या अनुभवाने माहीत होतं.

आता शेजार. भिंतीपलीकडे ट्रम्पेटकाका राहायचे. हे एका बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि रोज संध्याकाळी पाच ते सात ते निवृत्त न झाल्यासारखे वाजवत. कोंबड्यांच्या आवाजाने त्यांच्या कानाचं नुकसान होईल, अशी हरकत त्यांनी भिंतीवरून मान काढून सर्वांत आधी घेतली. हरकतीपाठोपाठ सल्ला आला. त्यांच्या मामांच्या चारशे कोंबड्या होत्या आणि त्या चारशेच्या चारशे एका आठवड्यात मेल्या, त्यामुळे कोंबड्यांविषयी आपल्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तक्ता मागून घेतला, दोन दिवस ठेवला आणि ना-हरकत पत्रासोबत स्वतःच्या सहा ओळी घालून परत केला. शेवटची होती, 'वादनाच्या वेळी प्रतिसाद न देणारी'.

एकूण ओळी झाल्या वीस. कोंबडीपेक्षा सोपी माणसं मोठमोठ्या जागांवर नेमली जातात.

मग नगरपालिका. घरात पक्षी पाळायला परवाना लागतो, हे ऐकून शंभरातले नव्व्याण्णव लोक न विचारताच पक्षी पाळतात. त्रुटीसाहेब शंभरावे. चार नंबरच्या खिडकीत साखळीला चष्मा अडकवलेल्या एक बाई बसत. त्यांनी अर्ज चाळला, खुराड्याचा नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि परत सरकवला. नकाशात उत्तर दिशेचा बाण नव्हता.

सव्वीस वर्षांत त्रुटीसाहेबांचा स्वतःचा कागद कधी परत आला नव्हता. ते कान लाल होऊन घरी आले, बाण काढला, पुन्हा गेले. दुसऱ्या खेपेला बाईंनी सांगितलं की बाण नकाशात आहे पण मंजूर नकाशात जे असेल ते जागेवर असावं लागतं. तेव्हा खुराड्याच्या पत्र्यावर लाल रंगाने हातभर लांबीचा बाण काढला गेला. तो आजही आहे. कोंबड्यांना उत्तर दिशा कळावी म्हणून नगरपालिकेने केलेली ही पहिलीच सोय असावी.

तिसऱ्या खेपेला खरी गाठ पडली. अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय: व्यवसाय, संशोधन, शोभा. त्रुटीसाहेबांनी विनयाने सांगितलं की घरी खायला अंडी हवीत, बाकी काही नाही. बाईंनी चष्मा काढला. त्रुटीसाहेब स्वतः चष्मा काढत तेव्हा समोरच्याचं काय होत असेल, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"अंडी म्हटलं की व्यवसाय झाला," बाई म्हणाल्या. "व्यवसाय म्हटलं की अग्निशमनचा दाखला, सांडपाण्याचा दाखला, आणि खुराड्याला संकटकाळी बाहेर पडायचा वेगळा दरवाजा. तुम्ही शोभा लिहा."

"पण जोडलेल्या तक्त्यात पहिल्या ओळीतच..."

"ती ओळ काढा. अंडं हा शब्द तुमच्या कागदात कुठेही दिसता कामा नये. बाकी तक्ता छान आहे." आणि मग जरा थांबून, पहिल्यांदाच माणसासारखं, "इतका व्यवस्थित कागद या खिडकीत कधी आला नव्हता."

स्तुतीने भल्याभल्यांचा तोल जातो. त्रुटीसाहेबांनी घरी येऊन पहिली ओळ समूळ काढली, क्रम बदलून एकोणीस ओळींचा तक्ता नव्याने केला आणि परवाना मिळवला. तक्त्याच्या प्रतीवर 'प्रयोजन: शोभा' असा शेरा आणि बाईंचा गोल शिक्का बसला. जुना वीस ओळींचा तक्ता त्यांनी फाडून टाकला, कारण एका विषयाचे दोन कागद ठेवणं हे त्यांच्या मते सगळ्या गोंधळांचं मूळ.

कोंबड्या पुरवणारा गावाबाहेर होता. त्याच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या जाती होत्या. लोक येत, बोट दाखवत, घेऊन जात. त्रुटीसाहेबांनी त्याला शिक्क्याचा तक्ता पाठवला. मग त्याचा फोन आला. माणूस अदबीने बोलणारा.

"साहेब, कागद मिळाला. ब्रह्मा आहेत माझ्याकडे. कोणत्या वयाच्या देऊ?"

"सगळं कागदात आहे," त्रुटीसाहेब म्हणाले. फोनवरच्या शब्दाला किंमत नसते, हे त्यांनी किती पुरवठादारांना शिकवलं होतं.

"म्हणजे कागदात आहे तसंच?"

"शब्दशः."

"बरं साहेब," तो म्हणाला. "आहेत तशा पाच."

पाचही एका शनिवारी डालग्यांतून आल्या आणि खरंच सांगायचं तर डोळे निवले. अंगावर करडी-पांढरी नक्षी, मानेभोवती काळी झालर, पायात ते पिसांचे मोजे. चालायच्या अशा, जणू एखाद्या संस्थेच्या वार्षिक सभेला निघाल्या आहेत. मुलीने एकीला उचललं; ती डोळे मिटून गप्प राहिली. बायको टोमॅटोच्या वाफ्याशी पहाऱ्याला उभी होती. कोंबड्यांनी वाफ्याकडे पाहिलं, मातीला एक-दोनदा पाय लावला आणि कंटाळून सावलीत बसल्या. पाच वाजता ट्रम्पेट सुरू झाला. एकीनेही मान वळवली नाही. ट्रम्पेटकाका भिंतीवरून म्हणाले, की रसिकांकडून आयुष्यभर हेच मिळालं, त्यामुळे आपल्याला सवय आहे.

त्रुटीसाहेब तक्ता घेऊन उभे होते आणि एकेका ओळीपुढे खूण करत होते. एकोणीसपैकी एकोणीस. इतका चोख माल त्यांना कारखान्यातसुद्धा कधी मिळाला नव्हता.

अप्पा काठी टेकत आले. स्टुलावर बसले, एका कोंबडीला मांडीवर घेतलं, तिच्या पायांवरची पिसं बाजूला करून पाहिली. मग शेपटीखाली दोन बोटं लावली, जरा दाबून पाहिलं आणि तिला अलगद खाली सोडलं.

"कशा आहेत अप्पा?"

"हं," अप्पा म्हणाले. "चांगल्या आहेत."

तिथून पुढचे महिने घराला बरे गेले. अप्पा सकाळी उठून स्वतः खुराडं उघडायचे. दाणे टाकायचे, पाणी बदलायचे, आणि मग स्टुलावर बसून कोंबड्यांशी जे बोलायचे ते त्यांनी स्वतःच्या मुलाशी चाळीस वर्षांत बोललेल्यापेक्षा जास्त होतं. त्यांनी पाचींना नावं ठेवली: हिशोबनीस, मोठी जाऊ, धाकटी जाऊ, पोस्टमास्तरीण आणि नुसती 'ती'. ट्रम्पेटकाकांशी त्यांचं आधी भांडण झालं, मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आल्या. नात शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मागच्या अंगणात. त्रुटीसाहेब संध्याकाळी खिडकीतून हे सगळं पाहायचे आणि बोटांवर महिने मोजायचे, कारण तीन शब्द अजून बोलून झाले नव्हते आणि पाच महिने संपत आले होते.

पाचवा महिना संपला. बायको खुराड्यात वाकून पाहू लागली. ट्रम्पेटकाकांनी निदान केलं की कोंबड्यांना कल्पनाच नाही, त्यांना उदाहरण घालून द्यायला पाहिजे. मामांकडे अशा वेळी घरट्यात काहीतरी गोल, पांढरं ठेवायचे. हा सल्ला त्यांनी त्रुटीसाहेब घरात नसताना दिला आणि मुलीने तो तत्काळ अमलात आणला, हे पुढच्या प्रसंगासाठी ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना त्रुटीसाहेबांनी सहज खुराड्यात डोकावलं. गवतावर, अगदी कोपऱ्यात, गोल आणि पांढरं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. अप्पा न्हाणीघरात होते. पाण्याचा आवाज येत होता. डोळ्यांसमोर पलंगाखालची बॅग आली, तिची चेन आली, चौदावी पायरी आली. सव्वीस वर्षांत ज्या माणसाने ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती, त्याने हात घातला, डोळे मिटून ते अंडं उचललं आणि पँटच्या खिशात टाकलं.

अंडं खिशात घेऊन स्कूटर चालवणं ही काय परीक्षा आहे, ते ज्याने चालवली त्यालाच ठाऊक. त्रुटीसाहेब एक पाय लांब सोडून, कुशीवर कलून, ताशी बारा किलोमीटर वेगाने कारखान्यात पोचले. चौकातल्या वाहतूक पोलिसाने थांबवून तब्येत विचारली. खरेदी विभागात ते खुर्चीच्या कडेवर बसले. साडेअकराला बैठकीत मोठ्या साहेबांनी "बसा नीट" म्हटलं; हे बसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत दार लावून त्यांनी अंडं हळूच बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते टेबलावरून घरंगळलं, जमिनीवर पडलं आणि टक टक टक करत कपाटाखाली गेलं.

टेबल टेनिसचा चेंडू होता.

त्रुटीसाहेबांनी गुडघ्यांवर बसून तो पट्टीने कपाटाखालून ओढून काढला. आपण चोरी केली आणि तीही चुकीच्या मालाची, हे दुःख होतंच. पण त्याहून जास्त म्हणजे त्यांना हायसं वाटलं होतं, आणि भावनेला उंबऱ्याबाहेर उभं करणाऱ्या माणसाला ते फार अपमानास्पद वाटलं.

सहाव्या महिन्यात बायकोने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तरुण, हसऱ्या. त्यांनी हिशोबनिसाचे पाय पाहिले, मोठ्या जावेचे पाहिले आणि विचारलं, "यांचं वय किती म्हणून घेतल्यात?"

"आणल्या तेव्हा तीन महिने," त्रुटीसाहेब म्हणाले.

"या पाच वर्षांच्या तरी असतील. अंड्यांचं वय केव्हाच मागे टाकलंय यांनी," बाई म्हणाल्या. "बाकी तब्येती उत्तम आहेत. आजी म्हणून आदर्श."

त्रुटीसाहेबांचा चेहरा असा झाला की डॉक्टरीणबाईंनी त्यांचीच नाडी पाहावी की काय असा विचार केला असावा. फसवणूक. तीही खरेदी विभागातल्या माणसाची. त्यांनी फाइल काखेत मारली आणि स्कूटर या वेळी भरधाव हाणत पुरवठादाराचं दार गाठलं. वाटेत तक्रारीचा मसुदा तोंडपाठ झाला होता. त्यात 'गंभीर' हा शब्द सहा वेळा होता.

पुरवठादार दाणे चाळत होता. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, हात झटकले, आत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला शिक्क्याचा तक्ता घेऊन आला.

"साहेब, एक-एक ओळ वाचा. माती न उकरणारी. न उडणारी. खाणं बेताचं. खुडूक न होणारी. आवाज न करणारी. वाजवलं तरी न बघणारी. प्रयोजन, शोभा." त्याने कागद पुढे केला. "मी चार वेळा वाचला. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, हे तर आपल्या म्हाताऱ्या ब्रह्माचंच वर्णन आहे, कुणीतरी कनवाळू माणूस दिसतोय. मी कापणार नव्हतोच त्यांना, पण घेणार कोण? यात अंडं कुठे लिहिलंय ते मला दाखवा."

त्रुटीसाहेबांनी तक्ता वरून खाली वाचला. खालून वर वाचला. एकोणीस ओळी. खाली त्यांची सही, ठळक, दोन रेघांची. कोंबड्या खरेदी करताना अंडी लिहायची राहिली होती आणि त्याच ओळीबरोबर वयही गेलं होतं. खिशातलं लाल पेन त्यांना एकाएकी जड वाटलं.

माणूस सज्जन होता. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. या परत आणा, तलंगा देतो बदलून. महिनाभरात अंड्यावर येतील."

महिनाभरात.

परतीच्या वाटेवर स्कूटर पुन्हा बारावर आली. बदलून आणल्या तर कागद निर्दोष होतो, घरात अंडी येतात आणि महिन्याने अप्पा बॅगेची चेन लावतात. नाही आणल्या तर खरेदी विभागातल्या माणसाने अंडी न देणाऱ्या पाच कोंबड्या शिक्कामोर्तबासह घेतल्या, हे गावभर होतं. सव्वीस वर्षांची इज्जत एका पारड्यात, अप्पा दुसऱ्यात. ते घरी पोचले तेव्हाही काटा मधेच होता.

बायको स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं आणि ती हसली नाही, हे तिच्या थोरवीचं. एवढंच म्हणाली, "अप्पांना सांगा जाऊन. आणि माळ्यावरून मोठं पातेलं काढून द्या. अप्पांच्या बॅगेमागे आहे."

"अप्पांची बॅग माळ्यावर कशी?"

"केव्हाची आहे. कोंबड्या आल्या त्याच दिवशी रिकामी केली त्यांनी. शर्ट कपाटात लावले आणि मला म्हणाले, नातीला ही वर टाकायला सांग, इथे पायात येते. तुम्हाला वाटलं काय, पलंगाखालीच आहे?"

त्रुटीसाहेबांनी माळ्याकडे पाहिलं. पातेलं त्यांनी काढलं नाही. ते मागच्या दाराने बाहेर आले. उत्तरेच्या बाणाखाली अप्पा स्टुलावर बसले होते आणि पोस्टमास्तरीण त्यांच्या मांडीवर पेंगत होती.

"अप्पा, या कोंबड्या म्हाताऱ्या आहेत."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं," अप्पा म्हणाले. "दिसतं मला."

"मग बोलला नाहीत ते?"

"तू विचारलंस कुठे. तू खुणा करत होतास."

भिंतीपलीकडे ट्रम्पेटकाका फडक्याने वाद्य पुसत होते. पाचाला थोडा अवकाश होता.

"तो माणूस बदलून द्यायला तयार आहे," त्रुटीसाहेब म्हणाले. "नव्या तलंगा. महिनाभरात अंडं देतील म्हणतो."

"मग आण. महिन्याने मी मोकळा." अप्पांनी पोस्टमास्तरिणीच्या मानेवरून बोट फिरवलं. "मी म्हणालोय, पहिलं अंडं बघतो आणि मग जातो. बोललेलं मी फिरवत नाही. तोवर हलायचा नाही, हेही त्यात आलंच."

त्रुटीसाहेबांनी घसा साफ केला. ते तीन शब्द आत तयार होते. सहा महिने मुरले होते. त्यांनी तोंड उघडलं.

"जेवलात का अप्पा?" ते म्हणाले.

"साडेचार वाजलेत," अप्पा म्हणाले. मग म्हणाले, "बस इथे. त्या डब्यावर बस."

ते डब्यावर बसले. फाइल उघडली, तक्ता काढला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि समासात सावकाश लिहिलं: 'त्रुटी नाही'. हे शब्द त्यांनी आयुष्यात प्रथमच लिहिले असल्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं. तोवर 'ती' त्यांच्या बुटावर येऊन बसली होती. पाच वाजले, ट्रम्पेट सुरू झाला, आणि पाच कोंबड्या व दोन माणसं यांपैकी कोणीही मान वळवली नाही.

मग आतून बायकोची हाक आली की अंडी संपली आहेत. त्रुटीसाहेब पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि डझनभर अंडी घेऊन आले. घरी येऊन पाहिलं तर त्यातली दोन फुटकी निघाली.